नाव राहिले, मुखवटा गेला : 'हॅलोवीन ३'ची हकिकत



इतिहासाच्या पुष्पात एका अमेरिकन भयपटावर बोलणार आहे असे मी कळवले, तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, विषय हाच ठेवायचा ना?" त्यांची शंका रास्त होती. या व्यासपीठावरून आपण पानिपत ऐकले आहे, संस्थानांचे विलीनीकरण ऐकले आहे. त्या रांगेत भोपळ्याचा मुखवटा कुठे बसवायचा? पण हा सगळा इतिहास एका नावाचा आहे. एका नावाखाली लोक जमतात, तेव्हा ते नक्की कशासाठी जमलेले असतात? नाव चालवणाऱ्यांनी आतला मजकूर बदलला तर काय होते? महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या संस्था चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही. म्हणून विषय तोच ठेवला.

माझी आणि या चित्रपटाची गाठ १९८५च्या सुमारास पडली. आम्ही बीएचएमएसचे विद्यार्थी, वसतिगृहात राहणारे. परीक्षा संपली की वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, अशी तेव्हाची पद्धत. त्या रात्री एक कॅसेट 'हॅलोवीन'च्या तिसऱ्या भागाची होती. पहिला भाग आमच्यातल्या दोघांनी पाहिलेला. पांढऱ्या मुखवट्याचा, एक शब्द न बोलणारा खुनी कसा अंधारातून येतो याचे वर्णन ते आठवडाभर करत होते. आम्ही वाट पाहत बसलो. अर्धा तास झाला, तास झाला, चित्रपट संपला. तो खुनी आलाच नाही. सकाळी एक मित्र कॅसेट घेऊन दुकानात भांडायला गेला : डब्यावर एक नाव आणि आत भलतीच कॅसेट. दुकानदाराने कॅसेट बाहेर काढून त्याच्यापुढे धरली. "लेबल वाचा की! हाच तिसरा भाग आहे." दुकानदार खरे बोलत होता, आणि आमचीही फसगत झाली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

नाव कुठून आले

३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे हॅलोवीन. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूला हिवाळ्याच्या तोंडावर 'सावन' नावाचा जुना केल्टिक सण असे. त्या रात्री या जगातले आणि त्या जगातले अंतर पुसट होते, अशी समजूत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि त्यांच्याबरोबर हा सणही गेला. तिथे पुढे तो मुलांचा सण झाला. मुखवटे घालून मुले दारोदार जातात, मिठाई मागतात. दारात कोरलेल्या भोपळ्यात दिवा असतो.

१९७७-७८च्या सुमारास आयर्विन याब्लान्स हा निर्माता-वितरक आणि अर्थपुरवठा करणारा मुस्तफा अक्कद यांनी जॉन कारपेंटर या तरुण दिग्दर्शकाला एक काम दिले. मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागलेला एक खुनी, एवढीच मूळ कल्पना. कामचलाऊ नावही 'बेबीसिटर मर्डर्स' असे सरळ होते. हे सगळे हॅलोवीनच्या एकाच रात्री घडू दे आणि चित्रपटाचे नावही तेच ठेवू, ही सूचना याब्लान्सची. कारपेंटर आणि त्याची सहलेखिका-निर्माती डेब्रा हिल यांनी पटकथा लिहिली. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर. चित्रीकरण साधारण तीन आठवड्यांत, तेही कॅलिफोर्नियात आणि वसंत ऋतूत. पानगळ दाखवायची म्हणून कागदी पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि दृश्य संपले की गोळा करून पुन्हा वापरायची, अशी ओढाताण. ऑक्टोबर १९७८मध्ये चित्रपट आला आणि त्याने अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरचा गल्ला जमवला.

एक गोष्ट लक्षात ठेवू या. नाव सणाचे होते, खुन्याचे नव्हते.

मुखवटा कुठून आला

खुन्याचे नाव मायकेल मायर्स. पण श्रेयनामावलीत मुखवटा घातलेल्या मायकेलपुढे 'द शेप' असे लिहिले आहे. शेप म्हणजे आकृती. त्या आकृतीला चेहरा दिला तो टॉमी ली वॉलेस याने. हा कारपेंटरचा जुना मित्र. पहिल्या चित्रपटाचा कलानिर्देशक आणि संकलकही. हॉलिवूडमधल्या एका दुकानातून त्याने दोन डॉलरच्या आतबाहेर किमतीचा रबरी मुखवटा आणला. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा तो मुखवटा. वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली, पांढरा रंग फवारला. जगातल्या सर्वांत ओळखीच्या खलनायकांपैकी एक असा दोन डॉलरांत तयार झाला.

वॉलेसचे नाव विसरू नका. मायकेलला बाजूला ठेवून केलेला तिसरा चित्रपट याच माणसाने दिग्दर्शित केला.

१९८१मध्ये 'हॅलोवीन २' आला. लेखन पुन्हा कारपेंटर आणि हिल यांचे, दिग्दर्शन रिक रोझेंथल याचे. गोष्ट त्याच रात्री, पहिला चित्रपट संपतो तिथून सुरू होते. मायकेल त्याच मुलीच्या मागे का लागतो, याला काहीतरी कारण हवे म्हणून ती त्याची बहीण निघते. कारपेंटरला या लेखनात फारसा रस नव्हता. जे सांगायचे ते पहिल्यातच सांगून झाले होते. म्हणून शेवटी इस्पितळाच्या आगीत मायकेल आणि त्याचा पाठलाग करणारा डॉक्टर लूमिस या दोघांनाही जाळून टाकले. या भागाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ५५ लाख डॉलर मिळवले. पहिल्यापेक्षा कमी, पण तिसरा भाग मागायला निर्मात्यांना पुरेसे.

दिवाळी अंकासारखी कल्पना

तिसऱ्यात सहभागी व्हायला कारपेंटर आणि हिल तयार झाले ते एका अटीवर : मायकेल मायर्सची गोष्ट पुढे न्यायची नाही. त्यांची योजना अशी की 'हॅलोवीन' या नावाखाली सणाच्या सुमारास एक स्वतंत्र चित्रपट यावा. दर वेळी नवी गोष्ट, नवी पात्रे, समान धागा फक्त त्या रात्रीचा.

ही योजना ऐकल्यावर मराठी माणसाला पहिली आठवण येते ती दिवाळी अंकाची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण हेच करत आलो आहोत. नाव तेच, सण तोच, आत दर वर्षी नवे. गेल्या वर्षीच्या अंकातली गोष्ट यंदाच्या अंकात पुढे का नाही, असे विचारत कोणी संपादकाकडे जात नाही. कारपेंटर आणि हिल यांना भयपटांचा दिवाळी अंक काढायचा होता. कल्पनेत वेडेवाकडे काही नव्हते.

लेखनासाठी नायजेल नील या ब्रिटिश लेखकाला बोलावले. १९५३ साली बीबीसीवर आलेल्या 'क्वाटरमास एक्सपरिमेंट' या मालिकेचा हा लेखक. आधुनिक विज्ञान आणि फार प्राचीन काहीतरी अनिष्ट यांची गाठ घालणे हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे १९८७मध्ये कारपेंटरने एका चित्रपटासाठी 'मार्टिन क्वाटरमास' हे टोपणनाव घेतले, इतका त्याला नीलबद्दल आदर. नीलने पटकथा लिहिली. पण निर्माते डिनो दे लॉरेंटिस यांना रक्तपात जास्त हवा होता. तो घातल्यावर नीलने आपले नाव काढून घेतले आणि पडद्यावर लेखक म्हणून एकट्या वॉलेसचे नाव आले. दिग्दर्शनासाठी आधी ठरलेला जो दांते दुसऱ्या चित्रपटाकडे गेल्यामुळे ती जबाबदारीही वॉलेसकडेच आली होती.

चित्रपटात काय आहे

'हॅलोवीन ३ : सीझन ऑफ द विच' २२ ऑक्टोबर १९८२ला प्रदर्शित झाला. नायक डॉ. चॅलिस हा इस्पितळातला डॉक्टर. बायकोपासून विभक्त, दारूचा शौकीन, मुलांना दिलेला शब्द न पाळणारा. ती भूमिका टॉम अ‍ॅटकिन्सची. त्याच्या इस्पितळात एका रात्री हातात भोपळ्याचा मुखवटा घट्ट धरलेला एक भेदरलेला माणूस आणला जातो. सूटबूट घातलेला एक अनोळखी येऊन त्याला मारतो आणि बाहेर जाऊन स्वतःला गाडीत पेटवून घेतो. मृताची मुलगी आणि डॉक्टर शोध घेत सांता मीरा नावाच्या गावी पोहोचतात. तिथे 'सिल्व्हर शॅमरॉक' नावाचा मुखवट्यांचा कारखाना आहे. चेटकीण, कवटी आणि भोपळा असे तीन मुखवटे देशभर खपत आहेत. टीव्हीवर दिवसरात्र त्यांची जाहिरात, 'लंडन ब्रिज' या बालगीताच्या चालीवर, हॅलोवीनला किती दिवस उरले ते मोजणारी. चित्रपट पाहिलेल्याच्या डोक्यातून ती चाल आठवडाभर जात नाही.

कारखान्याचा मालक कॉनल कॉक्रन. वृद्ध, हसतमुख, आयरिश वळणाचे इंग्रजी बोलणारा. ही भूमिका डॅन ओ'हर्लिही या आयरिश नटाने केली आहे; बुन्युएलच्या 'रॉबिन्सन क्रूसो'साठी ज्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, तोच. कॉक्रनने इंग्लंडातल्या स्टोनहेंजची एक शिळा चोरून आणली आहे. तिचा कण प्रत्येक मुखवट्यामागच्या बिल्ल्यात बसवला आहे. हॅलोवीनच्या रात्री ९ वाजता टीव्हीवर एक खास जाहिरात लागणार, मुलांनी मुखवटे घालून ती पाहायची, आणि त्या संकेताने मुखवट्यातली मुले मरणार. सण व्यापाऱ्यांनी गोड करून टाकला, तो मी पूर्वीसारखा बळी घेणारा करतो, असा त्याचा विचार. गंमत अशी की हे करणाराही व्यापारीच आहे.

शेवटच्या दृश्यात डॉक्टर फोनवरून टीव्ही कंपन्यांना जाहिरात बंद करायला विनवतो. एक वाहिनी बंद होते, दुसरी होते. तिसरीवर जाहिरात चालूच राहते. डॉक्टर ओरडत असतानाच चित्रपट संपतो.

आणि मायकेल मायर्स? तो या चित्रपटात एकाच प्रकारे आहे. पात्रांच्या टीव्हीवर १९७८चा 'हॅलोवीन' दाखवला जाणार असल्याची जाहिरात लागते, आणि शेवटी डॉक्टरला खुर्चीला बांधून, तोंडावर कवटीचा मुखवटा चढवून टीव्हीपुढे बसवतात, तेव्हा तोच जुना चित्रपट चालू असतो. म्हणजे मुलांना ९ वाजेपर्यंत टीव्हीपुढे खिळवून ठेवायला लावलेले आमिष हे मायकेल मायर्सचे आहे. ओळखीचे भय हे गिऱ्हाईक धरून ठेवण्याचे साधन असते, असे हा चित्रपट आपल्याच पहिल्या भागाविषयी सांगून जातो.

त्या वर्षीची हवा

चित्रपटाला महिनाही उरला नव्हता तेव्हा, २९ सप्टेंबर १९८२पासून, शिकागो आणि आसपास सात माणसे अचानक मेली. त्यांनी टायलेनॉल हे साधे वेदनाशामक घेतले होते. दुकानातल्या बाटल्यांमधल्या कॅप्सूलांत कोणीतरी सायनाइड भरले होते. कंपनीचा त्यात दोष नव्हता, तरी तिने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. औषधाच्या बाटलीच्या तोंडावर आज जी सीलबंद पट्टी असते, तिचा आग्रह या घटनेनंतर सुरू झाला. त्या वर्षी काही गावांनी मुलांच्या दारोदार फिरण्यावरही बंधने घातली.

मिठाईतल्या विषाची भीती अमेरिकेत आधीपासून होती. १९७४ साली टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या मुलाच्या हॅलोवीन मिठाईत सायनाइड घातले होते. मात्र अनोळखी माणसाने वाटेल त्या मुलांना विषारी मिठाई वाटली, अशा गोष्टी तपासल्यावर टिकत नाहीत, असे जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९८५मध्ये दाखवून दिले. भीती खरी होती. तिचे बोट चुकीच्या दिशेला होते.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. लहान मुलांसाठी टीव्हीवर केलेल्या जाहिरातींवर कडक बंधने घालावीत, असा प्रस्ताव तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे १९७८ साली आला. उद्योगांनी जोरदार विरोध केला. १९८०मध्ये काँग्रेसने आयोगाचे हात बांधले आणि १९८१मध्ये तो विषय बंद झाला. पुढच्याच वर्षी कॉक्रनची जाहिरात पडद्यावर आली. त्यामुळे 'हॅलोवीन ३' आपल्या काळापासून तुटलेला नव्हता. त्या शरद ऋतूत अमेरिकन आईबापांना जी धास्ती होती, विश्वासाच्या वेष्टनात भलतेच काही असण्याची, नेमकी तीच त्याने हाताळली होती. चाकू घेतलेल्या मुक्या माणसापेक्षा ती धास्ती घराच्या अधिक जवळची होती.

प्रेक्षकांचा निकाल

तरीही प्रेक्षक रागावले. सुमारे २५ लाख डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे १ कोटी ४४ लाख मिळवले. आकड्यांपुरते हे दिवाळे नव्हे. पण पहिल्याच्या एक तृतीयांशही नाही आणि दुसऱ्याच्या निम्म्याहून जरा अधिक. रॉजर ईबर्ट या मान्यवर समीक्षकाने चारपैकी दीड तारा दिला. उणिवा होत्याच. इंग्लंडातून इतकी मोठी शिळा आणली कशी, याला चित्रपटाकडे हसण्यावारी नेण्यापलीकडे उत्तर नाही. अमेरिकेत पूर्वेला ९ वाजतात तेव्हा पश्चिमेला ६ वाजलेले असतात, हेही कोणी विचारात घेतलेले दिसत नाही. पण लोकांचा राग या उणिवांवर नव्हता. आमच्या वसतिगृहातल्यासारखाच त्यांचा एकच प्रश्न होता : तो कुठे आहे?

त्याच वर्षीची दुसरी घटना शेजारी ठेवून पाहू. 'हॅलोवीन'च्या यशावर डोळा ठेवून १९८०मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला होता. त्यात खुनी होती एक आई. बुडालेल्या मुलाचा सूड घेणारी. दुसऱ्या भागात खुनी तो मुलगा, जेसन, झाला. खलनायक बदलला, पण कोणाची तक्रार नव्हती. कारण चेहरा अजून ठरलेला नव्हता आणि आईचे नाते मुलाशी जोडलेले होते. ऑगस्ट १९८२मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात जेसनने प्रथमच हॉकीचा मुखवटा घातला. चित्रपट जोरात चालला. एका मालिकेला तिसऱ्या भागात मुखवटा सापडला. दोनच महिन्यांनी दुसरीने तिसऱ्याच भागात तो उतरवला. पुढे १९८५मध्ये जेसनच्या मालिकेनेही, मुखवट्यामागे दुसराच माणूस निघतो, असा प्रयोग केला. पुढच्याच वर्षीच्या भागाच्या नावात 'जेसन जिवंत आहे' अशी ग्वाही द्यावी लागली.

आणखी एक पुरावा. १९७८मध्ये मुखवट्यामागे बहुतेक वेळ निक कॅसल होता, १९८१मध्ये डिक वॉरलॉक. माणूस बदलला, कोणी हू की चू केले नाही. तिसऱ्या चित्रपटात कॉक्रनच्या सूटबूटवाल्या मारेकऱ्यांपैकी एक डिक वॉरलॉकच आहे. म्हणजे दुसऱ्या भागातला मायकेल मायर्स तिसऱ्यातही पडद्यावर वावरतो आहे, आणि मुखवटा नसल्यामुळे त्याला कोणी ओळखत नाही.

१९८८मध्ये अक्कद यांनी चौथा भाग काढला. कारपेंटर आणि हिल यांचा त्यात सहभाग नव्हता. सीरियात जन्मलेले अक्कद एरवी 'द मेसेज' आणि 'लायन ऑफ द डेझर्ट' अशा भव्य ऐतिहासिक चित्रपटांचे दिग्दर्शक. पण व्यवहार त्यांना नीट कळत होता. चौथ्या भागाचे नावच होते 'मायकेल मायर्सचे पुनरागमन'. जळून गेलेला खुनी बेशुद्धावस्थेतून उठला आणि तिसरा भाग जणू घडलाच नाही अशी गोष्ट पुढे चालू झाली. गल्ला सुमारे १ कोटी ७७ लाख.

नाम आणि स्थापना

मी जैन घरात वाढलो. पाठशाळेत उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या ओघाने शिकवलेली एक गोष्ट मला इथे उपयोगी वाटते. शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे हे आधी ठरवा, म्हणजे नको तो अर्थ आपोआप बाजूला होतो. याला निक्षेप म्हणतात. त्याचे चार प्रकार : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. कोणा मुलाचे नाव इंद्र ठेवले, तो नामाने इंद्र. मूर्तीत इंद्र मानला, ती स्थापना. जो पूर्वी इंद्र होता किंवा पुढे होणार आहे, तो द्रव्याने. आणि या क्षणी जो खरोखर इंद्रपदावर आहे, तो भावाने इंद्र.

'हॅलोवीन' या शब्दाचे असेच झाले होते. निर्मात्यांच्या मनात भाव होता : सणाच्या रात्रीचे भय. तो त्यांनी तिसऱ्या भागात प्रामाणिकपणे सांभाळला. माझ्या मते पहिल्यापेक्षाही जास्त, कारण पहिल्या चित्रपटातून सण काढला तरी खुनी उरतो, तिसऱ्यातून काढला तर काहीच उरत नाही. प्रेक्षकांच्या मनात मात्र स्थापना झाली होती : पांढरा मुखवटा. दोन चित्रपटांत तिची पूजा झाली होती. मग नाम कायम ठेवून मूर्ती हलवली, तर गाभाऱ्यात काय उरले असे भक्त विचारणारच. तुमची भक्ती चुकीची आहे, असे त्यांना म्हणता येत नाही. पण मूर्ती हलवणारे भ्रष्ट होते, असेही म्हणता येत नाही.

मग चूक कुठे झाली? मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दिसायला सगळ्या सारख्या. माझा आणि कंपाउंडरचा सगळा भरवसा लेबलावर. बाटलीत उत्तम औषध भरले, पण लेबल दुसऱ्याचे लावले, तर ती चूकच. औषध किती चांगले आहे हा मुद्दा तिथे येतच नाही. 'हॅलोवीन'पुढचा '३' हा आकडा ते लेबल होते. आकडा म्हणजे पुढचा भाग, हे वचन. दिवाळी अंकावर आपण वर्ष छापतो, भाग छापत नाही. शिवाय वेळ चुकली. दर वर्षी नवे, हे दुसऱ्याच चित्रपटात केले असते, तर कदाचित लोकांना सवय लागली असती. दोनदा तोच खुनी देऊन मग नावाचा अर्थ बदलतो म्हणणे, हे उशिराचे शहाणपण ठरले. नाव ठेवणारे निर्माते खरे. पण दोन चित्रपटांनंतर त्या नावाचा अर्थ ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता. तो तिकीट काढणाऱ्यांकडे गेला होता, आणि हे त्यांना विचारायचे राहून गेले.

पुढे काळाने थोडी दुरुस्ती केली. मायकेल येणार नाही हे आधीच माहीत असलेली नवी पिढी हा चित्रपट पाहू लागली आणि तिला तो आवडला. २०१८च्या 'हॅलोवीन'ने १९७८नंतरचे सगळे भाग गोष्टीपुरते रद्द ठरवले. पण त्यातही रस्त्यावरून जाणाऱ्या तीन मुलांच्या तोंडावर सिल्व्हर शॅमरॉकचे मुखवटे आहेत. घरातून घालवलेल्या मुलाचा फोटो कोणीतरी गुपचूप भिंतीवर लावावा, तसे.

आपल्यापुरते

आता आपल्यापुरते बोलतो आणि थांबतो. आपल्या संस्थांची नावे आजोबा-पणजोबांनी ठेवली. त्या नावाखाली काय आहे, हे कोणी लिहून ठेवले नाही. दर वर्षी बैठकीत तोच वाद होतो. नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवला की सभागृह भरते. नव्या लेखकाला, नव्या विषयाला बोलावले की मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मग कोणीतरी म्हणतो, पुढच्या वर्षी नाट्यगीतेच ठेवू. हे म्हणणारा अक्कद यांच्या जागी असतो, आणि त्याला हसू नका. संस्था चालू राहते ती त्याच्यामुळे. पण नाट्यगीते ही आपली स्थापना आहे. भाव मराठीत विचार करण्याचा आणि ऐकण्याचा आहे. तो नव्या विषयात टिकला नाही, तर नातवंडांच्या वेळी फक्त नाम उरेल.

माझे म्हणणे इतकेच की बदल करायचा असेल तर तो उघड सांगून करावा. ही व्याख्यानमाला ते करते. पत्रिकेवर दर वर्षी वेगळे पुष्प, वेगळा वक्ता, वेगळा विषय. गेल्या वर्षीचा वक्ता यंदा का नाही, असे तुम्ही मला विचारले नाहीत. पानिपताच्या जागी भोपळा आला, तरी बसून ऐकलेत. १९८२ साली कारपेंटर आणि हिल यांना जे श्रोते हवे होते ते असेच होते.

तो चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिला. मायकेल मायर्सची वाट न पाहता. चांगला आहे. त्या सकाळी दुकानात भांडायला गेलेल्या मित्राला फोन करून तसे सांगितले. तो म्हणाला, "असेल. पण भाडं आपण मायकेलचं भरलं होतं."

त्याचेही बरोबर आहे.